संक्रांतीचे काळे बटवे

नव्वदच्या दशकात दुबईत, देऱ्याला आमच्या वरच्या मजल्यावर, एका फ्लॅटमधली एकच खोली भाड्याने घेऊन, सांगलीचं एक कुटुंब राहायचं. नवरा जबल अली बंदराच्या गोदामात, बायको आणि पाच वर्षांची मुलगी घरी. पण वहिनी नुसत्या घरी नव्हत्या. जवळच्या शिंप्याच्या दुकानातून अबायांच्या, तिथल्या बायकांच्या त्या काळ्या पायघोळ झग्यांच्या, बाह्या यायच्या आणि त्या बसून त्यांवर मणी-टिकल्या टाकायच्या. त्या कामावरच ती खोली टिकून होती. ते नसतं, तर नवरा कंपनीच्या कामगारांच्या कॅम्पात आणि ह्या दोघी सांगलीला. "हिला बाप रोज दिसला पाहिजे," एवढंच त्या म्हणायच्या.

आता नियम असा, की नवऱ्याच्या व्हिसावरच्या बाईने लेबर कार्डाशिवाय, म्हणजे कामाच्या परवान्याशिवाय, काम करायचं नाही. घरी बसूनसुद्धा नाही. दुकानदारानेही असं काम घरी पाठवायचं नाही. सगळ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून तर बाह्या पिशवीत खाली आणि वर मेथीची जुडी अशा वर जायच्या. मला मात्र ते कधी पटलंच नाही. आपल्या घरात सुईदोरा हातात धरला, तर त्यात सरकारचं काय गेलं, असं मी चारदा तरी म्हटलं असेन.

त्या वर्षी संक्रांतीचं हळदीकुंकू मी केलं. मला मेली हौस दांडगी! वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटायचे नव्हते. वहिनींना म्हटलं, उरलेल्या काळ्या चिंध्यांचे बटवे करून द्या, संक्रांतीला काळं तर मुद्दाम वापरतात. त्या आधी नको म्हणाल्या, कुणी कापड ओळखेल म्हणाल्या. मी ऐकते कुठली! शेवटी त्यांनी पंचवीस बटवे केले, एकेकावर मण्यांचा इवलासा हलवा.

बायका कुंकू लावून घ्यायच्या आधीच बटवे उलटेपालटे करायला लागल्या. झालं, उचलली जीभ लावली टाळ्याला. हे ह्यांच्या हातचं, अबायांवरचं कामही ह्याच करतात, आणि दुकान कुठलं तेही मी सांगून मोकळी झाले. शेजारी वहिनी तिळगुळाचं ताट धरून खाली बघत होत्या. मला वाटलं, लाजल्या. एका बाईच्या दिराचं पलीकडच्या गल्लीत शिवणाचंच दुकान होतं. तिने दुकानाचं नाव पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

महिन्याच्या आत त्या शिंप्याकडे इन्स्पेक्टर आले. तक्रार कुणाची ते कुणी बोललं नाही. त्याला दंड झाला, पण भल्या माणसाने वहिनींचं नाव दिलं नाही. फक्त निरोप पाठवला, की भाभी, आता खलास, यापुढे काही येणार नाही.

मी सरकारला शिव्या घातल्या. ऑफिसात व्हिसाचेच कागद बघणारा माझा नवरा शांतपणे म्हणाला, की नियम काल आलेला नाही, तोंड काल उघडलंस. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही, कारण तो खरं बोलत होता.

एप्रिलमध्ये खोली सोडायची ठरली. मी वर गेले तेव्हा वहिनी बॅगेला दोरी बांधत होत्या. मुलगी विचारत होती, "पप्पा कमिंग विथ अस?" वहिनींनी दोरी आणखी आवळली.

"वहिनी, हे माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. मला रडू आवरेना.

"मला त्याच दिवशी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलायला लागलात तेव्हाच तुमचा हात दाबायला हवा होता. पण इथे आल्यापासून चारचौघींत माझं काम माझं म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं. मलाच ऐकत राहावंसं वाटलं."