नवव्या वर्गाची राणी

रिठदच्या उकंडरावानं वाशीमला बाई ठेवली आहे आणि तिच्या हट्टापायी बाप जिवंत असताना मिशी उतरवली, अशी कुजबूज बत्तीस सालच्या उन्हाळ्यात गावभर झाली. त्या बाईला पाहिलं कुणीच नव्हतं, पण तिच्या नथीचं वर्णन निम्म्या गावाला तोंडपाठ होतं.

उकंडराव तेव्हा तिशीतला, खाऊनपिऊन सुखी. मिशी अशी झुबकेदार, की ताक आधी ती प्यायची, मग तो. त्याचा धाकटा भाऊ जगदेव वाशीमला शिकत होता. तिथली शाळा आठवीपर्यंतच. पुढं शिकायचं तर अकोला, आणि बापानं, इंद्रभानानं, सांगून टाकलं होतं, अकोल्याचा खर्च झेपायचा नाही, आठवी झाली की औत धर.

नववीचा वर्ग मागायला मास्तर सरकारदरबारी जाऊन आले होते. आधी गावानं आपला वाटा उभा करावा, मग आम्ही देऊ, असं उत्तर मिळालं. त्यात कपाशीचा भाव पडलेला. एरवी सढळ हातानं देणारे शेठ आता दाराआडूनच ‘घरी नाहीत’ म्हणायला लागले. शेवटी ठरलं, जिनिंगच्या रिकाम्या गोदामात तिकीट लावून नाटक करायचं.

नाटकाच्या तोंडावर राणीचं काम करणारा कारकून हिवतापानं आडवा झाला. भावाचं धान्य पोचवायला आलेल्या उकंडरावाला मास्तरांनी गाठलं, कारण भजनात त्याचा गळा बारीक अन् गोड लागायचा. जगदेवाच्या नववीसाठी तो हो म्हणून बसला. हबीब शिंपी माप घ्यायला आला आणि टेप हातात धरून त्याच्याकडं बघतच राहिला.

“पाटील, चोळी शिवतो मी. पन ह्या मिशीले शोभंल असं कापड माह्यापाशी नाही.”

बाप गेल्यावर काढायची मिशी ती. उकंडराव दुपारभर लिंबाखाली बसून राहिला आणि मग उठून न्हाव्याकडं गेला.

काय नाटक झालं ते! गॅसबत्त्या फसफसताहेत, हवेत सरकीचा वास अन् कापसाचे तंतू. विलाप करताना राणीला शिंका आल्या, लोकांना वाटलं हुंदके, आणि बायका पदर डोळ्याला लावून बसल्या. वर्गाचा पैसा जमला.

दुसऱ्या दिवशी उकंडरावाची बैलगाडी रिठदच्या शिवेवर आली. बोडका ओठ पाहून गावानं ओळखलं, इंद्रभान गेला. माणसं खांद्यावर पंचा टाकून निघाली, बायकांनी वाटेतच गळा काढला. घरी इंद्रभान ओट्यावर भाकर खात होता.

“कोन गेलं बाप्पा?”

“तुमीच, आबा.”

मग बापानं लेकाला विचारलं, काहून काढली? उकंडराव बैल सोडायला वळला. लुगडं नेसून नाचलो म्हणावं, तर म्हातारा त्याच दिवशी जगदेवाला त्या शाळेतून ओढून आणणार. हे सगळं त्यानं चुलीपाशी फक्त बायकोला सांगितलं. मनकर्णाबाई लग्न होऊन आली तेव्हा जगदेव रांगत होता, तिनंच त्याला वाढवलं. तोंडात पदर कोंबून ती पोटभर हसली आणि म्हणाली, “तुमी आता कोनाले काई सांगू नका.”

आणि दोन दिवसांत ती बाईची बातमी आली. गंमत म्हणजे इंद्रभानाला कारण पटलं. तरुणपणी त्याचंही मालेगावच्या बाजाराला जाणं जरा जास्तच असायचं, पण ते राहू द्या. काही महिने तो लेकाशी बोलला नाही, एवढंच. जगदेव नववीत बसला, मागोमाग पुढचे वर्गही निघाले, तो मॅट्रिक झाला, पुढं त्याच शाळेत मास्तर झाला, आणि त्याच्या मागून रिठदची पोरं नववीला जायला लागली.

शेजारणी मात्र मनकर्णाबाईची कीव करत राहिल्या. सवतीच्या गोष्टी काढून तिला टोमणेही मारत. ती ऐकून घ्यायची. म्हातारपणी उकंडराव, मिशी पुन्हा भरघोस पण पांढरी, मळ्यात पाणी धरताना राणीची पदं गुणगुणायचा, आणि बाया एकमेकींना कोपर मारायच्या, की बघा, अजून आठवते त्याला.

वाशीमला उकंडरावाची कुणी बाई नव्हती. ती बातमी मनकर्णाबाईनं स्वतः विहिरीवर सांगितली होती, जगदेवाची शाळा सुटू नये म्हणून.