निळी कॉईल

मुरूमच्या शंभुलिंगअप्पांना कुणी नुसतं 'मेकॅनिक' म्हटलं की त्यांचं टाळकं सटकायचं. तीस वर्षं टीव्ही दुरुस्त करता करता त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक सर्किट जुळवून डब्यात बसवलं होतं. व्होल्टेज कितीही नाचलं तरी त्या डब्यावरचा कॉम्प्युटर बंद पडत नसे. पहिला डबा शिवपुत्र नावाच्या व्यापाऱ्यानं 'जरा बघून देतो' म्हणून नेला, तो नेलाच.

दोन वर्षांनी उमरग्याच्या प्रदर्शनात एका कंपनीचा 'नवा शोध' झाकण काढून मांडलेला दिसला. त्यावर कॉम्प्युटर चालू होता आणि शेजारी शिवपुत्र गळ्यात हार घालून उभा होता. अप्पा वाकले. आत कोपऱ्यात निळी कॉईल होती.

"ही कशाला हाय?" त्यांनी कंपनीच्या इंजिनिअरला दरडावलं.

"आमच्या शोधाचा सगळा जीव तिच्यातच आहे," तो ऐटीत म्हणाला.

अप्पांनी खिशातलं कटर काढलं आणि कॉईलचे दोन्ही पाय कटकन तोडले. इंजिनिअर किंचाळला. कॉम्प्युटर मात्र चालूच राहिला.

"चुकून बसवली हुती म्या," अप्पा शिवपुत्राकडं बघत गुरगुरले. "दुसऱ्या डब्यापासनं काढून टाकली. चोरट्या, माझी चूकबी सोडली न्हायस व्हय रं?"