कंट्रोलवाल्यांचं स्थळ

आमच्या सोनालीचं ठरत आलेलं लग्न विसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्यांमुळे मोडलं. मुरबाडच्या बाजारात कोणी विचारलं की मी हेच सांगतो. ऐकणारा गप्प होतो, कारण त्या कादंबऱ्या त्याने वाचलेल्या नसतात. मीही वाचलेल्या नाहीत.

मी गवताचा व्यापारी. डोक्यावरच्या एका भाऱ्यापासून सुरुवात करून स्वतःची वखार उभी केली, ती घासाघीस करून. समोरच्याला बोलू दिलं की भाव चढतो, हे मी फार लवकर शिकलो. (घरीही तेच धोरण. घर वखारीसारखं चालवू नये, असं मला कोणी सांगितलं नाही. सांगायला आधी बोलायला मिळावं लागतं.)

सोनाली इंग्रजी घेऊन एम.ए. करत होती. तिला पुढे पीएच.डी. करायची होती आणि मला तिचं लग्न. स्थळ शहापूरकडचं. मुलगा शिक्षक, वडिलांचं गावात रेशनचं दुकान. मुलाला सुटी नव्हती, म्हणून आधी त्याचे आईवडीलच बघायला आले.

मुलाच्या आईने सोनालीला विचारलं, "काय शिकतेस गो?"

"एम.ए. इंग्लिश," मी म्हणालो.

"आवड कसली तुला?"

"वाचनाची. आन भाकरी एक नंबर करते," मी म्हणालो. (तिची भाकरी नकाशासारखी होते. पण माल दाखवताना वरची पेंढी चांगलीच लावायची असते.)

मग त्याच बाईंनी विचारलं, कॉलेजात सध्या काय लिहितेस. सोनालीने तोंड उघडलं, पण मी आधीच सुटलो होतो. "पॉवर आणि कंट्रोलवर मोठा प्रबंध लिहितेय," मी सांगितलं.

मुलाच्या वडिलांची चहाची बशी ओठाजवळ थांबली. आमच्याकडे जुन्या माणसांच्या तोंडी रेशनचं दुकान म्हणजे कंट्रोल आणि ते चालवणारा तो कंट्रोलवाला. खरं सांगायचं तर सोनालीचा प्रबंध इंग्रजी कादंबऱ्यांतल्या कंट्रोलवर, तोही रेशनचाच, असं मीही इतके दिवस समजत होतो. लढाईच्या काळात विलायतेतही रेशन होतं म्हणे. त्यावर कादंबऱ्या निघाल्या असतील, असा माझा हिशेब.

"कंट्रोलवर?" त्यांनी हळू विचारलं.

सोनाली मैत्रिणीशी फोनवर बोलायची, त्यातली वाक्यं मला पाठ होती. ती मी अभिमानाने त्यांच्यापुढे ठेवली. कंट्रोल ज्याच्या हातात, तो गरिबाला कसा दाबतो, खरं काय ते कसं लपवतो, वर लोकांकडून आभार कसे मानून घेतो, सगळं तिने पुराव्यानिशी लिहिलंय म्हणालो.

त्यांनी बशी खाली ठेवली. "शेठ, आमच्या कंट्रोलची आजवर एक तक्रार नाय. पोरीला कोणाच्या सांगण्यावरून बसवलाव लिवायला?"

खुलासा करायची ही वेळ होती. पण माझं डोकं तापलं. "माझी मुलगी कोणाच्या सांगण्यावरून चालत नाय," मी गरजलो. दारात उभ्या असलेल्या माझ्या बायकोने पदर तोंडाला लावला. तो रडण्यासाठी नव्हता, हे मला नंतर कळलं.

तेव्हा सोनाली त्या दिवसातलं पहिलं वाक्य बोलली. "काका, तो कंट्रोल नाय. मी ज्यांवर लिहितेय त्या कादंबऱ्यांत कोणी देशावर सत्ता गाजवतो, कोणी शाळेवर, कोणी नुसत्या घरावर. दरवेळी मारावं लागतंच असं नाय. काही जण फक्त दुसऱ्याचं वाक्य आपण पुरं करतात. मग हळूहळू त्या दुसऱ्याला आपलं वाक्य..."

"आठवेनासं होतं," मी म्हणालो.

आधी मुलाची आई हसली, मग वडील. शेवटी मीही हसलो, कारण सगळे हसत होते.

हसून झाल्यावर त्या बाईंनी एक हात माझ्या दिशेने आडवा धरला आणि सोनालीला विचारलं, "तुला आता लगीन करायचंय का?"

"नाय मावशी. मला अजून शिकायचंय."

माझं तोंड उघडलं होतं, पण तो हात खाली आला नाही. पाहुण्यांनी चहा संपवला आणि न रागावता गेले. जाताना बाई सोनालीला म्हणाल्या, लिहून झालं की मला मराठीत सांग.

पुढचे दोन तास मी रागावलेला होतो. कोणावर, ते ठरत नव्हतं. बायकोला म्हटलं, इतक्या वर्षांत या घरात मला कोणी काही सांगितलं नाही, हा माझ्यावर अन्याय आहे.

"सांगत होतेच की," ती म्हणाली. "अर्ध्यावर तुमी पुरं करत होताव."

मी ओटीवर जाऊन बसलो. बाजारात माझ्याशी घासाघीस करून थकलेला माणूस संध्याकाळी आपल्या घरी जातो. या दोघी कुठे जाणार होत्या?

दुसऱ्या दिवशी सकाळी सोनालीला समोर बसवलं आणि मोठ्या मनाने सांगितलं, पीएच.डी.ला माझी परवानगी आहे.

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, फॉर्म मागच्या महिन्यातच भरलाय. परवानगी मी मागितलीच नव्हती."

राग गळ्यापर्यंत आला. तो गिळला, थोडा विचार केला, आणि मग न विचारता फॉर्म भरायचीही परवानगी मी तिला जागच्या जागी देऊन टाकली.