ओपलचं रिव्हॉल्व्हर

आमची ओहायोतली शेजारीण ओपल, चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. तिनं स्वस्तात सव्वाशे वर्षांपूर्वीचं रिव्हॉल्व्हर घेतलं आणि चालवून बघायला मला नेमबाजीच्या मैदानावर नेलं. तिथे कामाला असलेल्या ड्वेननं मदतीच्या नावाखाली, न विचारताच त्यात आजकालची जोरकस काडतुसं भरली.

"घ्या आजी, घाबरू नका!"

ओपलनं ती एकेक काढून टेबलावर आपटली. "अरे मूर्खा, हे फुटून माझी बोटं गेली असती! हे बंदुकीच्या जुन्या, कमी जोराच्या काळ्या दारूसाठी घडवलंय. कंदिलात पेट्रोल ओततोस का?"

"मला वाटलं, बायकांना कुठलं एवढं..."

"वाटलं म्हणे! विचारायला काय झालं होतं?"

तिनं घरी स्वतः भरलेली काडतुसं काढली. पाचही गोळ्या निशाणाच्या कागदावर लागल्या. ड्वेन टाळ्या वाजवू लागला, तर तिनं त्याच्याकडे तक्रारवही मागितली.