साक्षीच्या आधीचा प्रश्न

बहारीनमध्ये असताना मला एकदा कोर्टात उभं राहावं लागलं, साक्षीदार म्हणून. अकोल्याला माहेरी मी हे कधीच कळवलं नाही. आमच्याकडे कोर्टाची पायरी चढलेल्या बाईला कुणी साक्षीदार समजत नाही, तिनेच काहीतरी केलं असणार असं धरून चालतात. पण न सांगण्याचं खरं कारण ते नव्हतं. त्या दिवशी कोर्टात जे झालं आणि कोर्टातून परत येताना जे झालं, त्यातलं दुसरं मला अजून कुणाजवळ बोलता आलेलं नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. माझे मिस्टर एसी दुरुस्तीच्या कंपनीत टेक्निशियन होते, मी एका बांधकाम कंपनीच्या ऑफिसात टायपिंग करायची. आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या मजल्यावर, त्या कंपनीतले एक इंजिनिअर राहायचे. पुण्याचे. ते मला वहिनी म्हणायचे, त्यांच्या बायकोला मी ताई म्हणायची. ताई मनाने चांगली होती, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही तिच्यावर अन्याय कराल. आम्ही नवीन आलो तेव्हा गॅसच्या सिलिंडरपासून मुलीच्या शाळेपर्यंत सगळं तिने मार्गी लावून दिलं होतं. संक्रांतीचं हळदीकुंकू, श्रावणातला सत्यनारायण, दिवाळीचा फराळ, दर वेळी पहिलं बोलावणं मला.

मी जायची. नटूनथटून जायची, वाण घेऊन यायची, तीर्थ घ्यायची. आणि शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी पांढरी साडी नेसून शहरातल्या नईम भागात जायची. तिथे एका फ्लॅटमध्ये आमची पाच-सहा बौद्ध कुटुंबं वंदनेला जमायची. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी ‘कर’ लागणारं, त्यावरून कुणाला काही कळत नाही. ताईने कधी विचारलं नाही आणि मी कधी सांगितलं नाही. बुद्धाची तसबीर आमच्या हॉलमध्ये नव्हती, बेडरूममध्ये होती. ताईशी बोलताना मी ‘मले-तुले’ विसरून पुस्तकातलं मराठी बोलायची. माझ्या वडिलांनी ऐन तरुणपणात दीक्षा घेतली, गावाचा रोष अंगावर घेतला, आणि त्यांची लेक परदेशात प्रसादाच्या शिऱ्याची कृती विचारत बसलेली! मिस्टर चिडवायचे, “तू काय, दोन्हीकडची पाहुणी.” मी हसण्यावारी न्यायची.

ऑफिसला मी इंजिनिअरसाहेबांच्या गाडीतून जायची. ते पुढे गाडी चालवायला, मी मागच्या सीटवर. परक्या पुरुषाच्या शेजारी बसायचं नाही हे कुणी न सांगता ठरलेलं होतं. एके सकाळी नईमजवळच्या सिग्नलला धाडकन आवाज झाला, गाडी आडवी झाली आणि मी समोरच्या सीटवर आदळले. सायकलवरचा एक बंगाली सफाई कामगार गाडीखाली येता येता वाचला होता. जीव वाचला, पाय मोडला.

पोलीस आले, मोजमाप घेतलं, नकाशा काढला. साहेब म्हणाले, माझा सिग्नल हिरवा होता. सायकलवाला म्हणाला, माझा हिरवा होता. साहेबांशिवाय गाडीत फक्त मीच. साहेबांवर खटला भरला गेला. दोषी ठरले तर तुरुंग होऊ शकत होता, आणि तुरुंग झाला की व्हिसा गेला, नोकरी गेली, मुलाच्या दहावीच्या वर्षात बिऱ्हाड उचलून पुण्याला. आणि ते निर्दोष सुटले तर चूक सायकलवाल्याची ठरणार होती. मग मोडक्या पायाच्या माणसाला त्याची कंपनी किती दिवस ठेवून घेईल, हे सगळ्यांना माहीत होतं. ते कुणी बोलत मात्र नव्हतं. मीही नाही.

ताई रोज संध्याकाळी खाली यायची. रडायची, मग डोळे पुसून म्हणायची, “तू होतीस म्हणून बरं. तू पाहिलास ना हिरवा? एवढंच सांगायचंय गं.” साहेब म्हणायचे, “वहिनी, आठवा नीट. हिरवाच होता.” मीही मान डोलवायची. इतक्या वेळा ऐकल्यावर मला खरोखरच हिरवा दिवा दिसायला लागला होता. झोपेतसुद्धा दिसायचा, चांगला लख्ख.

मिस्टरांनी एकदाच विचारलं, “मले सांग, तुले खरंच दिसला होता काय?”

“हाव,” मी म्हटलं.

“मंग ठीक हाय,” ते म्हणाले आणि वळून झोपले. त्यांना पटलं नव्हतं, ते त्यांच्या पाठीवरून कळत होतं.

तारखेच्या दिवशी आम्ही तिघं टॅक्सीने कोर्टात गेलो. मला वाटलं होतं तिथे बूट वाजवणारे शिपाई असतील, आपल्याला दरडावतील. तसलं काही नव्हतं. बाकांवर आपल्यासारखीच माणसं बसली होती. एक फिलिपिनो नर्स, दोन पठाण ड्रायव्हर, काळ्या पायघोळ अबायातली एक म्हातारी आणि तिच्याशी भांडून भांडून दमलेला तिचा शेजारी. कुणाचं भाड्याचं प्रकरण, कुणाचं भिंतीचं, कुणाचं गाडीचं. जज्जसाहेब वयस्कर होते आणि त्यांना सर्दी झाली होती. दर थोड्या वेळाने नाक पुसत ते प्रत्येकाचं पूर्ण ऐकून घ्यायचे. मध्ये दुभाषा. तो बहारीनी होता, पण वडिलांचं बाजारात दुकान असल्याने लहानपणापासून हिंदी शिकलेला. आखाती हिंदी, पुल्लिंग-स्त्रीलिंग सगळं एकाच मापाने.

तो बंगाली कामगार कुबड्या घेऊन समोरच्या बाकावर बसला होता. त्याने धुतलेला शर्ट घातला होता, इस्त्री मात्र नव्हती. त्याच्या बाजूने कुणी आलं नव्हतं.

आमच्या आधीच्या प्रकरणात एक मल्याळी साक्षीदार होता. कारकुनाने त्याला धर्म विचारला, बायबल पुढे केलं. त्याच्या आधी एका पाकिस्तान्याने कुराणावर हात ठेवला होता. हे बघून ताईने पर्स उघडली. आत तिने खणाच्या कापडात गुंडाळून स्वतःच्या देवघरातली गीता आणली होती. “यांच्याकडे असेल-नसेल, म्हणून घेऊन आले,” ती कुजबुजली. मग आणखी जवळ सरकून म्हणाली, “अगं, तुझी पाळी वगैरे नाही ना? हात लावायचाय म्हणून विचारलं.”

नाही म्हटलं. तिने माझ्यासाठी केवढी काळजी घेतली होती! ती पोथी तिने अंघोळ करून, नमस्कार करून उचलली असणार. त्या क्षणी मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं वाटलं.

माझा नंबर आला. आमच्या वकिलाने परस्पर सांगून टाकलं, साक्षीदार हिंदू आहे. गीता पुढे आली. खणाची घडी उलगडली गेली. मी हात उचलला आणि तो पुस्तकाच्या वर तसाच राहिला. खाली नेता येईना, मागे घेता येईना. मी काही शूर वगैरे झाले नव्हते, हे नीट समजून घ्या. सत्यनारायणाचं तीर्थ मी ओंजळ पुढे करून घेतलेलं होतं. पण तिथे मला कुणी काही विचारलं नव्हतं.

जज्जसाहेबांनी रुमाल खाली ठेवला आणि अरबीत काहीतरी विचारलं. दुभाषा माझ्याकडे वळला. “जज पूछता है, ये किताब तुम मानता है?”

एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच कुणी विचारत होतं, तोही एक परका, सर्दी झालेला अरब. मी म्हटलं, “नहीं.”

“तो तुम्हारा धरम क्या?”

मी सांगितलं. दुभाष्याला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं. तो कानाला हात लावून पुढे वाकला. “जोर से बोलो, डर नहीं.” तिसऱ्यांदा ‘बौद्ध’ हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला तेव्हा तो कोर्टभर ऐकू गेला. मागे ताई बसली होती. मी वळले नाही, पण मानेला तिची नजर जाणवत होती. मला शरम वाटत होती, आणि आपल्याला शरम वाटतेय याचीच त्याहून जास्त शरम वाटत होती. माझे वडील तिथे असते तर त्यांनी मान खाली घातली असती. माझ्या धर्मामुळे नव्हे, माझ्या आवाजामुळे.

जज्जसाहेबांना काहीच वाटलेलं दिसलं नाही. त्यांच्या दृष्टीने मी मल्याळी, पाकिस्तानी यांच्यासारखीच आणखी एक. त्यांनी विचारलं, मग ही खरं बोलेल हे आम्ही कशावरून धरायचं? मी गोंधळले. देवाची शपथ घे म्हणाले असते तर तीही मला घेता आली नसती. शेवटी मी म्हटलं, आमच्यात रोज म्हणतात, मी खोटं बोलणार नाही. पाच शीलं आहेत, त्यातलं चौथं.

“वो बोलो.”

मी हात जोडले आणि ते शील म्हटलं. लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेलं, अर्थाकडे लक्ष न देता, पाढ्यासारखं. दुभाष्याने विचारलं ही कुठली भाषा, मी म्हटलं पाली. त्याने खांदे उडवले. जज्जसाहेब म्हणाले, “खलास,” म्हणजे झालं, पुरे, आणि कारकुनाला लिहून घ्यायला सांगितलं. गीता खणात परत गेली.

“अब बोलो. सिग्नल कौन सा रंग का था?”

हिरवा हा शब्द माझ्या ओठांवर तयार होता. पण आत्ताच जे म्हटलं होतं त्याचा आवाज अजून कानात होता. मी तो दिवा आठवायचा प्रयत्न केला आणि मला आठवला तो माझ्या पायांशी कलंडलेला डबा. ताकाच्या कढीचं झाकण सैल झालं होतं, पिशवी ओली झाली होती आणि मी वाकून ती पुसत होते. आवाज झाला तेव्हा माझ्या हातात रुमाल होता. दिवा मी बघितलाच नव्हता. हिरवा नाही, लाल नाही, कुठलाच नाही.

“मला माहीत नाही,” मी मराठीतच बोलले. मग हिंदीत सांगितलं, “मैं नीचे देख रही थी.”

आमचा वकील काहीतरी बोलायला उठला. जज्जसाहेबांनी त्याला हातानेच बसवलं आणि मला म्हणाले, बरं. बस, एवढंच. मला कुणी शाबासकी दिली नाही, कुणी रागावलंही नाही.

पोलिसांचा नकाशा आणि त्यांनीच आणलेल्या रस्त्यावरच्या एका दुकानदाराची साक्ष यांवर निकाल दुपारीच लागला. साहेबांना दंड झाला, लायसन्स काही महिन्यांसाठी गेलं. तुरुंग झाला नाही. नोकरी राहिली, पुण्याला जावं लागलं नाही. सायकलवाल्याच्या माथी चूक आली नाही. खरं तर कुणाचंच घर बुडालं नव्हतं. मला हायसं वाटायला हवं होतं.

बाहेर व्हरांड्यात तो बंगाली कामगार कुबड्या सावरत माझ्यापर्यंत आला आणि म्हणाला, “शुक्रिया, दीदी.” ताई आणि साहेब शेजारीच उभे होते. मी त्याच्याकडे बघितलं नाही. ओळख नसल्यासारखी पर्समध्ये काहीतरी शोधत राहिले. तो थोडा थांबला आणि निघून गेला.

परतताना टॅक्सीत साहेब पुढे बसले, आम्ही दोघी मागे. खणात गुंडाळलेलं पुस्तक ताईच्या मांडीवर होतं आणि दोन्ही हात तिने त्यावर ठेवले होते. ड्रायव्हरने रेडिओ लावला होता, बातम्या चालू होत्या. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटत होतं, ती विचारेल, दिवा बघितला नव्हतास तर इतके दिवस मान का डोलवलीस? त्याचं उत्तर मी जुळवत होते. तिने तसं विचारलं असतं तर तो तिचा हक्कच होता.

ती म्हणाली, “तुम्ही आमच्यातल्या नाही, हे आधी सांगायचं होतं. आम्ही तुमच्यावर विसंबलो नसतो.”

इतकी वर्षं ती मला ‘तू’ म्हणत होती. साहेब पुढून हळूच म्हणाले, “जाऊ दे ना आता.” पण तिचं बोलणं चूक आहे असं ते म्हणाले नाहीत.

मला बोलता आलं असतं. डब्याचं सांगता आलं असतं. त्या जज्जला माझ्या शब्दावर भरवसा ठेवायला अर्धं मिनिट पुरलं, हे सांगता आलं असतं. निदान गप्प बसता आलं असतं. टॅक्सीत मला कुणी शपथ घातली नव्हती, कुणी जोर से बोलो म्हणालं नव्हतं.

“सॉरी ताई,” मी म्हणाले. एका दमात, चांगलं मोठ्याने.