चतुर्दशीच्या तीन पत्रावळी

भाद्रपद वद्य चतुर्दशीला गोपिकेच्या धरमपेठेतल्या घरी दार लोटून स्वयंपाक व्हायचा. चोवीस वर्षांत या नेमाला खंड नव्हता. तिचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ बापूजी सकाळच्या मोटारीने सावनेरहून यायचे, आंघोळ करून पाटावर बसायचे आणि समोर तीन पत्रावळी मांडल्या जायच्या. उडदाचे वडे, कढी, खीर, कोहळ्याची भाजी. अंगणात तीन घास. नाव मात्र कोणाचंच घ्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी अमावस्येला सावनेरच्या घरी पंचवीस माणसं पंगतीला बसत आणि तिथं साऱ्या पितरांची नावं खड्या आवाजात घेतली जात. चतुर्दशीचं तेवढं नागपुरात उरकायचं, कारण सावनेरच्या ओसरीवर तीन पत्रावळी मांडल्या असत्या तर गावाला मोजता आल्या असत्या.

लग्न होऊन आली त्या वर्षी पत्रावळी दोनच होत्या. "आजचं पान कोणाचं जी?" असं तिनं सासूला विचारलं होतं. सासू कढईतून मान वर न करता म्हणाली, "जे पाण्यानं गेले, इखानं गेले, त्यायचा हा दिवस. तू वडे थाप."

एक पान होतं चुलत सासऱ्याचं, धोंडबाचं. ते विहिरीत पाय घसरून पडले असं म्हणत. दुसरं जिजाचं, गोपिकेच्या नवऱ्याच्या, चंपतरावांच्या बहिणीचं. सासरच्यांनी तिला "भ्रमिष्ट आहे" म्हणून माहेरी आणून सोडलं होतं, आणि दोन महिन्यांनी त्याच विहिरीनं तिला घेतलं. चौथ्या वर्षी सासरे गणपतराव गेले. छातीत कळ आली, असं गावाला सांगितलं. फौजदारालाही तेच सांगितलं. पण त्या भाद्रपदात सासूनं न बोलता तिसरी पत्रावळ काढली. गोपिकेनं तिच्याकडे पाहिलं, सासूनं पदर तोंडाला लावला, आणि तेव्हापासून गोपिका तीन पानांचे वडे थापू लागली. माणसांशी खोटं बोलायची या घराला भीती नव्हती, पण पितरांशी खोटं बोलायची छाती कोणाची नव्हती. भलत्या दिवशी वाढलं तर मेलेला उपाशी राहतो!

आणि या घरानं तिच्या माहेरावर बोट ठेवावं?

तिचा मधुसूदन एकवीस वर्षांचा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तो बोलेनासा झाला, मग भलतंच बोलू लागला. शेजारचे आपले विचार चोरून ऐकतात म्हणून कानात कापूस कोंबायचा. गोपिकेनं टेकडीच्या गणपतीला एकवीस मंगळवार केले, अंगारे लावले, आणि शेवटी त्याला दवाखान्यात भरती केलं. तिथं त्याला बरं वाटू लागलं होतं. तिथंच देशकर नावाचे एक तरुण डॉक्टर या आजाराचं संशोधन करत होते. छिन्नमनस्कता आणि जीव द्यायची ओढ एकाच घरात पुन्हा पुन्हा का दिसते, ती रक्तातून उतरते का, मेंदूच्या कामात नेमकं काय बिघडतं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी ते घरोघर जाऊन वंशावळ लिहून घेत.

या वर्षीच्या चतुर्दशीच्या आठ दिवस आधी ते घरी आले तेव्हा बापूजी कोर्टाच्या कामानं नागपुरातच होते. बैठकीत पुरुष बसले. डॉक्टरांनी मोठा कागद पसरला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर शाईनं काळं करायचं.

"घराण्यात असा त्रास कोणाला होता?"

"आमच्या घराण्यात? छ्या!" बापूजी पान लावत म्हणाले. "हे बायकोच्या अंगानं आलेलं हाय. हिची माय एकटीच बोलत राहे. अख्ख्या पाटणसावंगीले माहीत हाय."

"आणि आत्महत्या? कोणी जीव दिला होता का?"

"नाही," बापूजी म्हणाले.

चंपतरावांनी पानाचं तबक बापूजींपुढे सरकवलं.

गोपिका चहा घेऊन आली तेव्हा तिला तो कागद दिसला. सासरचे सगळे चौकोन, सगळे गोल पांढरे स्वच्छ. आणि तिकडे कोपऱ्यात तिच्या आईचा एकुलता गोल, काळाकुट्ट.  आठ दिवसांत दोन लेकरं पटकीनं गेली होती त्या माउलीची. वर्षभर ती त्यांच्याशी बोलत होती, हे खरं. जेवायला बोलवायची त्यांना. पण त्याच वर्षी तिनं निंदण केलं, कापूस वेचला, पुढं चार मुलींची लग्नं केली आणि सत्तराव्या वर्षी रामनाम घेत गेली. तिला काळं केलं या शाईनं! आणि बैठकीतल्या पुरुषांपैकी एकालाही वाटलं नाही की आत स्वयंपाकघरात जी उभी आहे तिला एक शब्द विचारावा.

त्या दिवशी ती गिळून बसली. भासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, याच रीतीत तिची चोवीस वर्षं गेली होती. पण जाता जाता डॉक्टर बोलले ते तिनं दाराआडून ऐकलं. घराण्यात तसं काही नसेल तर दहा दिवसांनी येणाऱ्या सोमवारी मधुसूदनला सोडायला हरकत नाही. बापूजींनी लगेच ठरवून टाकलं, "सावनेरले नेतो. मोकळी हवा, वावरातलं काम. एका महिन्यात पोरगा ठणठणीत." आणि रक्त तपासायला दोघे भाऊ एका ठिकाणी कधी सापडतील, या डॉक्टरांच्या प्रश्नालाही त्यांनीच उत्तर दिलं, "पुढच्या शनिवारी या. आमी दोघंबी इथंच राहतो."

शनिवारी चतुर्दशी होती. त्या दिवशी आपण नागपुरात असतो एवढंच त्यांना आठवलं; समोर पत्रावळी मांडलेल्या असतील हे बोलण्याच्या भरात ध्यानातच आलं नाही.

गुरुवारी गोपिका डबा घेऊन दवाखान्यात गेली. मधुसूदननं अर्धी पोळी खाल्ली आणि हळूच म्हणाला, "माय, सावनेरची विहीर मले बोलावून राहिली वं. जिजाआत्या हाय म्हणते तिथं."

 जिजाआत्याचं नाव या घरात कोणी काढत नव्हतं. लहानपणी कधी कुजबुज ऐकली असेल पोरानं. घरी येऊन तिनं चंपतरावांना सांगितलं, तर ते म्हणाले, "चूप बस. कोणाजवळ बोलू नको. बापूजी पाहतीन."

"काय पाहतीन? पाण्यात पाहतीन?"

चंपतराव उठून बाहेर गेले.

शनिवारी ती वडे थापायला बसली.  संतापानं डोकं असं तापलं होतं की चुलीची धग कमी वाटावी. देवा गजानना, तिनं मनात म्हटलं, आज मी रीत मोडणार आहे, तुला राग आला तर येऊ दे. अकरा वाजता डॉक्टर बाटल्या आणि सुया घेऊन आले. बापूजी सोवळं नेसून पाटावर बसले होते. त्यांचा चेहरा उतरला.

"आज नका गा डॉक्टर. पितराच्या दिवशी रक्त काढत नाहीत. सोमवारी या."

"सोमवारी तर मुलाला सोडणार ना? मी थांबतो, तुमचं होऊ द्या."

"कायले थांबता? वेळ लागते."

"थांबू द्या," गोपिका म्हणाली.

सारेच तिच्याकडे वळले. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी होती, हातात तीन पत्रावळी. तिनं त्या एकेक करून डॉक्टरांच्या समोर मांडल्या. पदर डोक्यावरच होता, पण नजर सरळ बापूजींवर.

"डॉक्टरसाहेब, तुमचा तो कागद काढा. आन यायले इचारा, ही पानं कोणाची."

"चंपत, बायकोले आवर," बापूजी गरजले.

"मले आवरू नका. चोवीस वर्सं आवरली. डॉक्टरसाहेब, आज चतुर्दशी हाय. आपल्या मौतीनं जो गेला त्याचं पान आज वाढत नाहीत. आजचा दिवस पाण्यानं, इखानं, फासानं गेलेल्यायचा. इचारा कोण्या बामनाले. हे पान धोंडबाचं. हे जिजाचं. आन हे..." तिनं तिसऱ्या पत्रावळीवर बोट ठेवलं. "हे मामंजीचं. ज्यायले छातीत कळ आली होती, त्यायचं!"

"खोटं बोलून राहिली बाई!"

"खोटं? मंग बापूजी, वडिलाचं पान उचला. उचला न! आपल्या हातानं उचला आन म्हणा, आमच्या बापाचा हा दिवस नव्हे."

बापूजींचा हात पत्रावळीकडे गेला आणि अधांतरी राहिला. उचलला नाही. तसाच मागे आला.

बोलले ते चंपतराव. भिंतीला टेकून, खाली मान घालून. "खरं हाय डॉक्टर. बाबाले मीच फासावरून खाली उतरवलं होतं."

 डॉक्टर खिशातून पेन काढत म्हणाले, "मावशी, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुमी मले इचारलं का?" गोपिका ताडकन म्हणाली. "एवढे शिकलेले तुमी. घरातल्या मेलेल्यायले कोण जेवू घालते, हे नाही समजलं तुमाले? पान खात बसलेल्या माणसायले इचारून गेले. आन माझ्या मायले काळं करून गेले!"

डॉक्टरांचे कान लाल झाले. त्यांनी नवा कागद घेतला. तिनं सांगितलं तसं लिहिलं. तीन नावं, तिघांची वयं, जिजा आधी कशी वागत होती, सासरे शेवटी किती महिने झोपत नव्हते. तिच्या आईची सारी हकीकत ऐकली आणि तो गोल कोरा ठेवला. मग तिनं विहिरीची गोष्ट सांगितली. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"सोमवारी सोडत नाही मी त्याला. आणि पुढंही सावनेरला नाही. कधी सोडलं तर इथंच, तुमच्या नजरेसमोर. गोळ्या चुकवायच्या नाहीत."

"म्हणजे हे यायच्या रक्तातून आलं?" तिनं विचारलं. तिला हो ऐकायचं होतं. आईवरून चोवीस वर्षं ऐकलेल्या टोमण्यांचं उट्टं तिला एका शब्दात हवं होतं.

"तसं सांगता येत नाही, मावशी. काहीतरी उतरत असावं. पण एकाच घरातले दोन भाऊ, एक आजारी पडतो, एक नाही. तेच तर आम्हाला कळलेलं नाही. दोष कोणाचाच नसतो."

"दोष नसते," ती म्हणाली, "पण लपवणं असते. ते रक्तातून नाही उतरत. ते करा लागते."

बापूजी उठून उपरणं शोधू लागले. तिनं वाढायला घेतलं होतं. "पितर उपाशी ठेवून जाऊ नका," ती म्हणाली. "बसा. जेवा. मंग जा." आणि बापूजी खरोखर बसले.

अंगणात तिनं तीन घास ठेवले आणि प्रत्येकाचं नाव मोठ्यानं घेतलं. शेजारची कुसुमताई कुंपणापाशी येऊन उभी राहिली, तरी आवाज कमी केला नाही. परत आत आली तेव्हा गठ्ठ्यातली एक, चौथी पत्रावळ उरलेली दिसली. गोपिकेनं ती उचलली, दोन्ही हातांनी टराटरा फाडली आणि चुलीत घातली.

मधुसूदन पौषात घरी आला. गोळ्यांनी तो मंद झाला होता, हात कापायचे. कॉलेज सुटलं ते सुटलंच. बापूजींनी वर्षभर या घरात पाऊल टाकलं नाही. गोपिकेनंही बोलावलं नाही. तिचा राग शमला नव्हता. सावनेरच्या विहिरीवर लोखंडी जाळी बसवल्याशिवाय अमावस्येच्या पंगतीला येणार नाही, असं तिनं त्या चतुर्दशीलाच कळवलं होतं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली नव्हती.

पुढच्या चतुर्दशीला ती अंगणात पळसाची पानं टाचत बसली होती. मधुसूदन शेजारी बसून कापऱ्या हातानं एकेक काडी पुढं करत होता.

"कोणाच्या वं माय, या पत्रावळी?"

तिनं तिघांची नावं सांगितली.

"आबा पण?"

"आबा पण."

त्यानं एक पान उचलून उलटंपालटं करून पाहिलं. "त्यायलेबी आवाज येत असतीन का वं?"

"कोणी इचारलंच नाही त्यायले," ती म्हणाली. "तुले आज येऊन राहिला काय?"

"आज नाही."

"उद्या आला तर मले सांगशीन?"

त्यानं मान हलवली आणि पुढची काडी तिच्या हातात दिली.