पट्टी तुटेपर्यंत

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याला कारखान्यात सगळे भट्टीकाका म्हणत. मीही तेच म्हणते. त्याचं खरं नाव लग्नपत्रिकेनंतर कुणी वापरलेलं मला आठवत नाही. माणूस सरळ, इतका की वैताग यावा.

कारखाना निकेलच्या मिश्रधातूची पातळ पट्टी लाटणारा. लोखंड लिबलिबीत होईल अशा उष्णतेत ही पट्टी टिकते, म्हणून मोठमोठ्या भट्ट्यांच्या आत ती वापरतात. किती टिकते हे पाहणं हे भट्टीकाकाचं काम. पट्टीचा वीतभर तुकडा कपाटाएवढ्या विजेच्या भट्टीत टांगायचा, त्याला वजन लावायचं, साडेनऊशे अंशांवर ठेवायचं आणि तुटायची वाट बघायची. तुटला की वेळ लिहून सही. चौतीस वर्षं त्याने हेच केलं. नवरामुलगा वस्तू तुटायची वाट बघतो, हे ऐकून आमच्या आईने स्थळ जवळजवळ नाकारलंच होतं.

तरुणपणी त्याचा एक जोडीदार चहाला गेला आणि नेमका तेव्हाच तुकडा तुटला. वेळ कुणालाच कळली नाही. भट्टीकाकाने चिडून एक नियम लिहिला, मंजूर करून घेतला आणि चौकटीत घालून भिंतीवर लावला: ‘नमुना तुटेपर्यंत संबंधित निरीक्षकाने जागा सोडू नये.’ तेव्हा तुकडे पाच-सहा तासांत तुटत. नियम कुणाला जाचला नाही.

निवृत्तीला पाच महिने असताना त्याने शेवटचा तुकडा टांगला. तो तुटेना. निवृत्तीचा दिवस आला, भाषणं झाली, आणि कार्यमुक्तीचं पत्र साहेबांनी परत फायलीत घातलं.

“तुमचा नमुना बाकी आहे. रात्री घरी जा, शिफ्टवाला बघेल. पण जागा म्हणजे पद. ते सोडता येणार नाही.”

“पण साहेब...”

“नियम तुमचाच आहे, काका.”

इकडे बहिणीची बांधाबांध झालेली. नदीकाठी दोन खोल्या आणि पडवी असं घर त्यांनी घेऊन ठेवलं होतं. तिला तिथे राहायचं होतं, नवऱ्यासकट, गुडघे चालताहेत तोवर. एवढीच तिची मागणी. तीन वर्षं ती खोक्यांमधून वाट काढत स्वयंपाकघरात जात होती. संध्याकाळी तो दारात चपला काढी आणि ती विचारी,

“तुटली का?”

“नाही. पण अर्धा केस लांबली.”

“कुणाचा केस? माझे तर गळून संपत आले.”

ज्या गिऱ्हाइकासाठी ही चाचणी होती, त्याने दरम्यान धंदा बंद करून त्या जागी पोहण्याचा तलाव बांधला. चाचणी चालूच. मी भट्टीकाकाला स्पष्ट सांगितलं, “एक हातोडी घेऊन जा.” तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

शेवटी बहीण मला घेऊन साहेबांकडे गेली.

“यांना जागा सोडता येत नाही ना?”

“नाही, वहिनी.”

“मग जागा आमच्याबरोबर पाठवा.”

ती हे रागाने म्हणाली. साहेबांनी ते लिहून घेतलं. पंधरा दिवसांत मंजुरी आली.

भट्टी थंड केली तर चाचणी बाद, म्हणून ती तापलेलीच ट्रकवर चढवली. तिच्याशेजारी जनरेटर, जनरेटरशेजारी खुर्चीत भट्टीकाका, मांडीवर नोंदवही. ट्रक माणूस चालेल त्या वेगाने. बहीण पुढे ड्रायव्हरजवळ, मी मागच्या गाडीत. गतिरोधक आला की तो हात वर करी, ट्रक थांबे, तो भट्टीच्या काचेतून आत डोकावे आणि मग पुढे जायची खूण करी. एका चौकात लोक अदबीने बाजूला झाले. एका बाईने मला हळूच विचारलं, “कोण गेलं?”

“अजून कुणी नाही,” मी म्हटलं.

नव्या घरात भट्टी मागच्या खोलीत बसली आणि त्याने खाट तिच्याशेजारी लावली. बहीण पडवीत एकटीच नदी बघे. कपडे मात्र तासाभरात वाळत.

असे चार महिने गेले. एका सकाळी, मी तिथेच होते, ती मागच्या खोलीत गेली आणि म्हणाली, “पाण्यावर बगळे उतरलेत. पाच मिनिटं बाहेर जाऊन बघा. मी बसते इथे.” काय झालं कोण जाणे, तो उठला. भट्टीला पाठ न दाखवता, उलटा चालत पडवीत आला आणि बगळे मोजू लागला. नवावर असताना बहीण बाहेर आली.

“तुटली.”

तो बगळे सोडून गर्रकन वळला. “वेळ?”

“सात वाजून बारा मिनिटं. लिहिली.”

“पाहणाऱ्याची सही?”

“केली.”

“हुद्दा काय लिहिलास?”

“बायको.”

कुणाला शंका येऊ नये म्हणून सांगते, हातोडी माझ्या डोळ्यांसमोर पडवीतच होती.

खाडाखोड त्याच्या स्वभावात नाही. नोंद होती तशीच गेली. महिन्याभराने कारखान्याचं पत्र आलं. नमुना तुटताना ज्याने पाहिला तोच संबंधित निरीक्षक, सबब कार्यमुक्ती बहिणीच्या नावाने, सेवेबद्दल आभारासह. भट्टीकाकाने ते चार वेळा वाचलं.

“मग माझं काय?”

“मी सुटले,” बहीण म्हणाली. तिने पडवीतली दुसरी खुर्ची नदीकडे वळवली आणि पालेभाजीची जुडी तिच्यावर ठेवली. “तुमचं पत्र येईपर्यंत इथे बसून भाजी निवडा.”

तो अजून निवडतोय. एकेक देठ मोजून.